अँटीबॉडी चिकटलेली लाल पेशी खाल्ली जाते का? मोनोसाइट चाचणीच्या प्रकल्प नोंदी

8 जुलै 2024

नैतिकता समितीची मंजुरी आज हातात आली, त्यामुळे काम रीतसर सुरू. प्रश्न असा: लाल पेशीवर अँटीबॉडी चिकटली आहे हे रक्तपेढीला कळतं, पण ती पेशी रुग्णाच्या अंगात टिकेल की नष्ट होईल, हे आधी ओळखता येईल का?

विदर्भात राहून या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं रक्त चढवावं लागतं. दर पिशवीसोबत परक्या माणसाचे रक्तगट अंगात येतात. त्यातले एबीओ आणि आरएच-डी आपण जुळवतो, बाकीचे पुष्कळ तसेच राहतात. काही रुग्णांचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि मग क्रॉसमॅच (रुग्णाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, दात्याच्या पेशी मिसळून केलेली तपासणी) जुळेनासं होतं. कधीकधी फ्रिजमधली एकही पिशवी जुळत नाही. इकडे हिमोग्लोबिन उतरत असतं. वॉर्डातून फोन येतो, ‘जुळत नाही म्हणजे नक्की काय होईल?’ क्रॉसमॅचकडे याचं उत्तर नसतं.

पेशीवर चिकटलेली अँटीबॉडी दाखवणारी कूम्ब्स चाचणी 1945 साली रॉबिन कूम्ब्स, आर्थर मुरंट आणि रॉबर्ट रेस यांनी दिली. त्याआधी आयजीजी जातीच्या अँटीबॉडी पेशीला चिकटूनही नजरेला पडत नव्हत्या, कारण त्या एकट्या पेशींचा गठ्ठा करू शकत नाहीत. या चाचणीने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही. पण ती सांगते ते एवढंच, की अँटीबॉडी चिकटली आहे. हजारो निरोगी रक्तदात्यांत एखादा असा सापडतोच, ज्याची कूम्ब्स पॉझिटिव्ह असते आणि एकही पेशी वेळेआधी मरत नसते. चिकटणं आणि खाल्लं जाणं यांच्यामध्ये एक निर्णय असतो. तो घेते भक्षक पेशी, म्हणजे रक्तातली मोनोसाइट किंवा अवयवांतली मॅक्रोफेज. म्हणून तिलाच विचारायचं ठरवलं आहे.

12 जुलै

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं, आधी निरोगी माणसात हे काम केवढं चालतं ते मांडून ठेव, म्हणजे रोगात काय बिघडतं ते कळेल.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 25 लाख कोटी लाल पेशी असतात आणि एकीचं आयुष्य साधारण 120 दिवस. भागाकार केला तर दर सेकंदाला 24 लाखांच्या आसपास पेशी रक्तातून काढल्या जातात आणि तितक्याच अस्थिमज्जेतून नव्या येतात. हे काम मुख्यतः प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज पेशी करतात. ना सूज, ना ताप, ना वेदना. इतकी मोठी उलाढाल आपल्याला आयुष्यभर जाणवत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

म्हातारी पेशी ओळखायच्या खुणाही एकाहून जास्त आहेत. आयुष्यभर ऑक्सिजन वाहून हिमोग्लोबिनचा काही भाग बिघडतो आणि पेशीच्या आवरणाला आतून चिकटतो. तिथलं बँड-3 नावाचं प्रथिन त्यामुळे पुंजक्यापुंजक्यांनी एकत्र येतं. या पुंजक्यांवर आपल्याच रक्तातल्या नैसर्गिक अँटीबॉडी बसतात, मागोमाग पूरक प्रथिनांपैकी (कॉम्प्लिमेंटपैकी) सी-3बी बसतं. दुसरी खूण फॉस्फेटिडिलसेरीनची. हा मेदाचा रेणू निरोगी पेशीत आवरणाच्या आतल्या थरात राखलेला असतो, तो बाहेर दिसू लागला की भक्षक पेशी त्याला धरते. तिसरी गोष्ट म्हणजे ताठरपणा. सिकल पेशींमध्ये या तिन्ही गोष्टी फार लवकर घडतात आणि 120 दिवसांचं आयुष्य 10-20 दिवसांवर येतं.

18 जुलै

चाचणीची मांडणी ठरली. निरोगी दात्याच्या रक्तातून फायकॉल नावाच्या जड द्रावणावर मोनोसाइट वेगळ्या करायच्या, आठ खणांच्या चेंबर स्लाइडवर तासभर 37 अंशांवर ठेवायच्या. मोनोसाइट काचेला चिकटतात, लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी धुऊन जातात. मग अँटीबॉडी लावलेल्या लाल पेशी त्यांच्यावर घालायच्या, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पुन्हा तासभर ठेवायच्या, धुवायच्या, मिथेनॉलने स्थिर करून रंगवायच्या. स्लाइडवर किमान 400 मोनोसाइट मोजायच्या आणि त्यातल्या किती जणींनी लाल पेशी गिळली किंवा घट्ट धरली, ती टक्केवारी काढायची. तिला मोनोसाइट इंडेक्स म्हणतात. 5 टक्के किंवा त्याखाली असेल, तर न जुळणारं रक्त उघड हिमोलायसिस (लाल पेशींचा नाश) न होता देता येण्याची शक्यता बरीच, असा या चाचणीचा आजवरचा अनुभव आहे. त्यावर असेल तर सावधान.

मोजणाऱ्याला स्लाइड कोणती हे कळता कामा नये. म्हणून क्रमांक रक्तपेढीतल्या दादांनी टाकायचे आणि यादी त्यांच्याच ड्रॉवरमध्ये ठेवायची असं ठरलं.

25 जुलै

नियंत्रणाच्या स्लाइड आज रंगवून झाल्या. एका खणात ओ-पॉझिटिव्ह पेशी तशाच, दुसऱ्यात त्याच पेशी अँटी-डी (आरएच-डीविरुद्धची अँटीबॉडी) लावून.

नुसत्या पेशींच्या खणात मोनोसाइट रिकाम्या बसलेल्या आहेत. अँटी-डीच्या खणात जवळजवळ प्रत्येक दृश्यात काहीतरी घडताना दिसतं. काही मोनोसाइटच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन लाल पेशी. काहींच्या कडेने पेशींची माळ चिकटलेली. आणि काही ठिकाणी लाल पेशी अर्धी आत, अर्धी बाहेर, मधे बारीक मान ताणलेली. इथे मी बराच वेळ थांबले, कारण ऑटोइम्यून हिमोलायटिक अॅनिमियाच्या (शरीर आपल्याच लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडी करतं त्या आजाराच्या) रुग्णाच्या रक्तपटात, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या रक्तात, ज्या गोल, गडद, मधला फिकटपणा हरवलेल्या स्फेरोसाइट दिसतात, त्यांचा जन्म इथे होतो. मोनोसाइट दर वेळी पूर्ण पेशी गिळतेच असं नाही. अँटीबॉडी लागलेला आवरणाचा तुकडा ती तोडून घेते. उरलेली पेशी मिटते आणि निसटते, पण आवरण कमी झालं आणि आतला ऐवज बहुतेक तेवढाच राहिला, त्यामुळे तिला बशीचा आकार टिकवता येत नाही, ती गोल होते. गोल पेशीला वाकता येत नाही. पुढच्या फेरीत प्लीहेच्या अरुंद फटीत ती अडकणारच. म्हणजे निसटलेली पेशीही सुटलेली नसते, तिची पाळी काही तासांनी किंवा दिवसांनी येते.

रक्तपटात स्फेरोसाइट पाहून ‘प्लस टू’ असं अहवालात लिहिताना यापुढे प्रत्येक वेळी हे चित्र डोळ्यांपुढे येईल.

आत गेलेली आणि नुसती चिकटलेली पेशी वेगळी ओळखायला स्थिर करण्याआधी एक स्लाइड काही सेकंद ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवली. बाहेरच्या पेशी फुटून गेल्या, आतल्या राहिल्या. इंडेक्समध्ये दोन्ही धरायच्या आहेत, तरी वेगळी नोंद ठेवते आहे.

2 ऑगस्ट

आज तेच केलं, पण एका खणात दात्याचाच सीरम घातला. खाल्ल्या जाणाऱ्या पेशी एकदम घटल्या. हे अपेक्षित होतं, पण आकड्यांतला फरक पाहिल्यावर त्याचं महत्त्व ठसलं.

कारण असं. आयजीजीचा आकार वायसारखा. वरच्या दोन टोकांनी ती लाल पेशीला धरते आणि खालचं टोक, ज्याला एफसी म्हणतात, ते बाहेर राहतं. मोनोसाइटवर एफसी-गॅमा ग्राही असतात, ते हे टोक पकडतात. त्यातला पहिला ग्राही इतका हावरा आहे की मोकळी, कशालाच न चिकटलेली आयजीजीसुद्धा तो धरून बसतो. आणि रक्तद्रवात मोकळी आयजीजी असते मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पुष्कळच. शिरेतून वाहणाऱ्या रक्तात हा ग्राही जवळजवळ सदा भरलेला असतो.

मग प्लीहेत पेशी खाल्ल्या कशा जातात? जुनं आणि मला पटणारं स्पष्टीकरण असं, की प्लीहेच्या लाल गरात शिरताना रक्तातला द्रवाचा बराच भाग बाजूला काढला जातो आणि पेशी दाटीवाटीने, सावकाश पुढे सरकतात. मोकळ्या आयजीजीची स्पर्धा कमी, मॅक्रोफेजशी लगट जास्त. शिवाय तिथल्या मॅक्रोफेजवर तिसऱ्या प्रकारचा एफसी-गॅमा ग्राही असतो. तो मोकळ्या आयजीजीला फारसा धरत नाही, पेशीवर गर्दीने बसलेल्या आयजीजीला धरतो. अँटीबॉडी तीच, पेशी तीच, पण मनगटाच्या शिरेत सुरक्षित आणि प्लीहेत धोक्यात. प्लीहा काढल्यावर काही रुग्णांचा हिमोलायसिस का थांबतो, तेही यातून कळतं.

चाचणीपुरता नियम: पेशी नीट धुतल्याशिवाय मोनोसाइटवर घालायच्या नाहीत.

12 ऑगस्ट

रक्तपेढीकडून संमतीसह आलेले पहिले दोन नमुने. ओळख लपवलेली, माझ्यापुरते ‘क’ आणि ‘ख’.

दोन्हींची कूम्ब्स जोरदार पॉझिटिव्ह, ट्यूबमध्ये बघितल्या तर वेगळ्या सांगता येणार नाहीत अशा. ‘क’मध्ये आरएच गटाविरुद्धची अँटीबॉडी आहे. ‘ख’ मात्र पॅनेलमधल्या (रक्तगट आधीच माहीत असलेल्या पेशींच्या संचातल्या) एकाही पेशीशी जुळत नाही, म्हणजे जवळपास सगळ्या माणसांत असलेल्या एखाद्या अँटिजेनविरुद्ध (पेशीवरच्या रक्तगटाच्या खुणेविरुद्ध) ती अँटीबॉडी असावी. अशा रुग्णासाठी जुळणारं रक्त शोधणं फार अवघड असतं.

स्लाइड मोजल्या, दादांनी यादी उघडली. ‘क’चा इंडेक्स 5 टक्क्यांच्या कितीतरी वर. ‘ख’चा खाली. दुसऱ्या दात्याच्या मोनोसाइट वापरून पुन्हा केलं, कारण माणसागणिक मोनोसाइटची भूक कमीजास्त असते. निकाल तोच आला.

प्रकल्पाचा सगळा अर्थ माझ्यासाठी या दोन स्लाइडमध्ये आहे. ट्यूबमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन अँटीबॉडी मोनोसाइटने वेगळ्या ओळखल्या.

‘ख’मध्ये असं का व्हावं? आयजीजीचे चार उपप्रकार आहेत. आयजीजी-1 आणि आयजीजी-3 यांची शेपटं (एफसी टोकं) मोनोसाइटचे ग्राही घट्ट धरतात, त्यातही आयजीजी-3 जास्त. आयजीजी-2 आणि आयजीजी-4 यांना ते फारसं विचारत नाहीत. जेएमएच नावाच्या अँटिजेनविरुद्धच्या अँटीबॉडी बऱ्याचदा आयजीजी-4 असतात आणि सहसा निरुपद्रवी ठरतात. याउलट वायटी-ए या दुसऱ्या अँटिजेनविरुद्धची अँटीबॉडी एका रुग्णात काहीच करत नाही, दुसऱ्यात चढवलेल्या पेशी भराभर संपवते. नाव कळलं तरी तिथे भाकीत करता येत नाही. ‘ख’चं नाव ठरवायला नमुना संदर्भ प्रयोगशाळेत पाठवला आहे, उपप्रकाराची तपासणीही मागितली आहे.

रुग्णाला काय द्यायचं हा निर्णय आमचा नाही. ही चाचणी अजून संशोधनापुरती आहे, हे अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहायला मॅडमनी सांगितलं आणि ते योग्यच आहे.

22 ऑगस्ट

गटाच्या बैठकीत एका ज्युनियरने विचारलं, अँटी-डी लागलेल्या पेशी रक्तातच का फुटत नाहीत? चांगला प्रश्न, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवते.

पेशी फोडणारी पूरक प्रथिनांची साखळी सुरू व्हायला सी-1क्यू रेणूला शेजारी शेजारी बसलेल्या निदान दोन आयजीजी लागतात. डी अँटिजेन एका पेशीवर साधारण 10 ते 30 हजार. ऐकायला खूप वाटतं, पण पेशीच्या पृष्ठभागावर ते विरळच पडतात, दोन आयजीजी हाताच्या अंतरावर येत नाहीत. त्यामुळे साखळी सुरू होत नाही आणि काम प्लीहेवर सोपवलं जातं. ए अँटिजेन मात्र पेशीवर दहा लाखांच्या घरात असतो आणि अँटी-ए बहुधा आयजीएम (पाच वाय जोडलेली मोठी अँटीबॉडी) असते. एकटी आयजीएमसुद्धा साखळी सुरू करू शकते, आणि पेशी शिरेतच फुटते.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे बॉम्बे रक्तगट. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला. या लोकांच्या पेशींवर ए-बी तर नाहीतच, त्यांचा पाया असलेला एच अँटिजेनही नाही. नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतात, पण त्यांच्या सीरममध्ये तीव्र अँटी-एच असते आणि ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त. त्यांना ओ रक्त चढवलं तर मोनोसाइटची वाटच पाहावी लागत नाही. हिमोग्लोबिन थेट रक्तद्रवात सांडतं, ते उचलणारं हॅप्टोग्लोबिन प्रथिन पुरेनासं होतं, लघवी काळसर होते, मूत्रपिंडं धोक्यात येतात. अशा अँटीबॉडीसाठी आमची चाचणी वापरायची नाही. मार्गदर्शिकेत हे ठळक अक्षरांत जाईल.

आयजीएमचा एक मधला प्रकारही आहे. थंडीत चिकटणाऱ्या अँटीबॉडी पेशीवर सी-3बी बसवतात आणि ऊब मिळताच स्वतः सुटून जातात. आयजीएमच्या शेपटासाठी एफसी-गॅमा ग्राही नाहीत, पण यकृतातल्या कुफर पेशी (तिथल्या मॅक्रोफेज) सी-3बी ओळखतात आणि अशा पेशी उचलतात. ज्या वाचतात त्यांच्यावरचं सी-3बी हळूहळू कापलं जाऊन सी-3डी उरतं. त्याला कुफर पेशी धरत नाहीत. त्या पेशी कूम्ब्स पॉझिटिव्ह राहूनही फिरत राहतात.

5 सप्टेंबर

पोळ्याच्या सुट्टीनंतर सीडी-47 चं काम हाती घेतलं.

आतापर्यंत ‘खा’ म्हणणाऱ्या खुणा पाहिल्या. सीडी-47 ही ‘खाऊ नको’ म्हणणारी खूण. लाल पेशीवरचा हा रेणू मॅक्रोफेजवरच्या सर्प-अल्फा ग्राहीला लागला की गिळण्याची तयारी आतूनच थोपवली जाते. 2000 साली पेर-आर्ने ओल्डेनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सीडी-47 नसलेल्या उंदराच्या लाल पेशी साध्या उंदरात सोडल्या तर त्या झपाट्याने नाहीशा होतात, कुठल्याही अँटीबॉडीशिवाय. पण ज्या उंदरात जन्मापासून सीडी-47 नाही त्याला अॅनिमिया होत नाही! त्याच्या मॅक्रोफेज त्या खुणेविनाच वाढल्या, त्यांनी तिची अपेक्षाच धरली नाही. म्हणजे भक्षक पेशीची समज ती कुठल्या शरीरात वाढली यावरही अवलंबून असते. या एका निरीक्षणावर मी तासन्‌तास बोलू शकेन.

आमच्या खणांत सीडी-47 झाकायला अख्खी अँटीबॉडी चालणार नव्हती, कारण तिचंच शेपूट मोनोसाइटने धरलं असतं आणि कशामुळे खाल्लं ते कळलं नसतं. म्हणून शेपूट काढलेला तुकडा मागवला होता. नुसत्या पेशींचं सीडी-47 झाकलं, तर फारसा फरक नाही. अँटी-डी अगदी कमी लावून सीडी-47 झाकलं, तेव्हा मात्र इंडेक्स स्पष्ट वाढला. मोनोसाइट दोन्ही बाजू ऐकते. ‘खा’चा आवाज बारीक असेल तर ‘खाऊ नको’ पुरेसं ठरतं.

कॅन्सरच्या पेशीही हीच खूण अंगभर मिरवतात, म्हणून सीडी-47 झाकणारी औषधं तयार झाली. मॅग्रोलिमॅब हे त्यातलं गाजलेलं नाव. पहिल्याच डोसला अॅनिमिया होई, कारण म्हाताऱ्या लाल पेशींचं संरक्षण निघून जाई. म्हणून आधी लहान डोस देत. म्हाताऱ्या पेशी हळूहळू काढल्या जात, मज्जेतून तरुण पेशी येत आणि मग पूर्ण डोस सोसत असे. रक्तपेढ्यांना वेगळाच त्रास झाला, कारण हे औषध प्रत्येक लाल पेशीला चिकटतं आणि क्रॉसमॅचचे निकाल बिघडवतं.

18 सप्टेंबर

गिळल्यानंतर काय होतं ते पाहायला काही खण रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवले. सकाळी मोनोसाइटमधल्या पेशींच्या कडा विरघळल्या होत्या.

एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू, प्रत्येकात लोहाचे चार अणू. म्हणजे एका घासात शंभर कोटींहून जास्त अणू. मोकळं हीम (हिमोग्लोबिनमधलं लोह धरणारं कडं) विषारी असतं, ते साठू देऊन चालत नाही. हीम ऑक्सिजनेज हे विकर त्याचं कडं तोडतं. हिरवं बिलिव्हर्डिन, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि लोह सुटतं. बिलिव्हर्डिनचं पिवळं बिलिरुबिन होतं. लोह फेरोपोर्टिन नावाच्या दारातून रक्तात परत जातं. रोजच्या नव्या पेशींना लागणारं 20-25 मिलिग्रॅम लोह मुख्यतः असंच येतं, जेवणातून जेमतेम 1-2 मिलिग्रॅम शोषलं जातं. या मॅक्रोफेज थांबल्या तर ताटातल्या पालेभाजीने काहीही भागणार नाही.

27 सप्टेंबर

चाचणीची मर्यादा नोंदवते. साठवणीतल्या, मुदत संपत आलेल्या पिशवीतल्या पेशी अँटीबॉडीशिवाय घालून पाहिल्या. मोनोसाइटनी त्यांच्याकडे जवळजवळ लक्ष दिलं नाही. प्रत्यक्षात अशा पेशींचा काही भाग चढवल्यावर पहिल्या 24 तासांतच रक्तातून जातो. काचेवर प्लीहा नसते हे त्याचं मोठं कारण. तिथे 7-8 मायक्रॉन रुंदीच्या पेशीला एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून अंग चोरून जावं लागतं, आणि ताठर पेशीची परीक्षा तिथेच होते. अॅम्स्टरडॅमच्या एका गटाने 2020 साली मांडलं, की प्लीहेत अडकलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या पेशी आधी हिमोग्लोबिन गमावतात आणि मॅक्रोफेज त्यांची रिकामी टरफलंच गिळतात. हे मला महत्त्वाचं वाटतं. आमची चाचणी अँटीबॉडीबद्दल बोलते, वयाबद्दल नाही.

9 ऑक्टोबर

संदर्भ प्रयोगशाळेचा ‘ख’बद्दलचा अहवाल आला. उपप्रकार प्रामुख्याने आयजीजी-4. अँटिजेनचं नाव पक्कं व्हायला अजून काही पेशींवर तपासणी लागेल, त्यांनी आणखी दोन मिलिलिटर सीरम मागितलं आहे.

मॅडमनी पुढच्या टप्प्याला होकार दिला. आता प्रत्येक नमुना किमान दोन दात्यांच्या मोनोसाइटवर लावायचा, उपप्रकाराची तपासणी सोबतच करायची आणि रक्त चढवलेल्या रुग्णांचं हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं विकर) वॉर्डाकडून मिळवून इंडेक्सशी ताडून पाहायचं. वॉर्डाचा अर्ज उद्या टाइप करते. फायकॉलची एकच बाटली उरली आहे, मागणी आजच नोंदवली. ‘ग’ नमुना सोमवारी येतो आहे.